एका मताचे मूल्य

१९६७ चा बेसबॉलचा हंगाम संपल्यावर अमेरिकन लीगमधील सर्वांत मूल्यवान खेळाडू कोण, हे ठरविण्यासाठी वीस वार्ताहरांनी आपापल्या मतपत्रिका भरल्या. एकोणीस जणांनी पहिल्या क्रमांकावर एकच नाव लिहिले : बॉस्टन रेड सॉक्सचा कार्ल यस्त्रेम्स्की. विसाव्या मतपत्रिकेवर मात्र वेगळे नाव होते : मिनेसोटा ट्विन्सचा सेसार तोवार. यस्त्रेम्स्कीने त्या वर्षी फलंदाजीची सरासरी, होमरन आणि संघाला मिळवून दिलेल्या धावा या तिन्ही बाबतींत लीगमध्ये अग्रस्थान मिळवले होते. सरासरी हजारी ३२६, होमरन ४४, धावा १२१. बेसबॉलच्या परिभाषेत या पराक्रमाला तिहेरी मुकुट म्हणतात, आणि तो पुन्हा कोणाच्या शिरावर चढण्यासाठी २०१२ साल उजाडावे लागले. तोवारची सरासरी होती २६७ आणि होमरन अवघे सहा. त्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये ऑर्लान्डो सेपेडाची निवड एकमताने झाली. यस्त्रेम्स्कीचा तो मान एका मताने हुकला. त्या मताची तेव्हा भरपूर चेष्टा झाली, आणि विक्षिप्त मतदानाचा विषय निघाला की बेसबॉलच्या इतिहासात त्याचा उल्लेख अजूनही होतो.

ते मत चुकीचे होते, असे मलाही वाटते. तरीही ते मनातून जात नाही. काही उत्तरे चुकीची असूनही मूळ प्रश्नावर असा काही उजेड पाडतात, की बरोबर उत्तरांच्या गर्दीत झाकून गेलेला तो प्रश्न प्रथमच नीट दिसू लागतो. मतपत्रिकेवर 'सर्वोत्तम' हा शब्द नव्हता, 'मूल्यवान' हा होता. एकोणीस जणांना या दोन शब्दांत फरक करण्याची गरज भासली नाही. विसाव्याला भासली. माणसाचे मूल्य कशात असते, तो जे उत्कृष्टपणे करतो त्यात, की त्याच्यावाचून जे अडते त्यात, की या दोहोंपलीकडच्या आणखी कशात, हा प्रश्न क्रीडांगणापुरता नाही. परंतु तो क्रीडांगणावर जितका उघडा दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. कारण तेथे प्रत्येक कृतीची नोंद होते आणि प्रत्येक माणसाला भाव असतो.

क्रिकेटच्या सवयीने बेसबॉलकडे पाहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला तोवारचे वैशिष्ट्य एकदम कळणार नाही. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षक षटकागणिक जागा बदलतो; आता स्लिपमध्ये उभा असलेला पुढच्या षटकात सीमारेषेवर जातो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. बेसबॉलमध्ये नऊ जागा ठरलेल्या असतात आणि प्रत्येक जागा हा एक स्वतंत्र व्यवसाय असतो. पिचर चेंडू टाकतो, कॅचर फलंदाजामागे बसून तो झेलतो. तीन बेसचे तीन राखणदार, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप आणि बाह्य मैदानाचे डावा, मधला, उजवा असे तीन रक्षक. जागांना एक ते नऊ असे क्रमांकही असतात. शॉर्टस्टॉपच्या पायांना जी सवय लागते ती मधल्या मैदानाच्या रक्षकाला निरुपयोगी असते. तिसऱ्या बेसवरच्या माणसाला अंगावर आलेला जोरदार चेंडू अडवून दूरवर फेकायचा असतो, तर दुसऱ्या बेसवरच्याला धावत आलेल्या प्रतिस्पर्ध्याचे पाय चुकवीत वळायचे असते. बहुतेक खेळाडू पोरवयात एक जागा धरतात आणि तीच त्यांची ओळख होते. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, हा नियमही या घडणीला पोषकच आहे.

अशा व्यवस्थेत एक माणूस असा लागतो, की ज्याची स्वतःची जागा कोणतीच नाही आणि म्हणून कोणतीही आहे. शॉर्टस्टॉपचा घोटा मुरगळला, तिसऱ्या बेसवरच्याचा सूर हरपला, मधल्या मैदानावरच्याला विश्रांती हवी झाली, की तो उभा राहतो. अमेरिकन लोक त्याला युटिलिटी प्लेअर म्हणतात. शब्दातच उपयोग आहे. इतर खेळाडूंची नावे जागेवरून पडली, याचे नाव कामाला येण्यावरून पडले. असे खेळाडू बहुधा एका संघात फार काळ राहत नाहीत. ज्याला जागा नाही त्याला मुळे धरायला माती नसते. ज्या संघाला ज्या वर्षी भोक बुजवायचे असेल तिकडे तो जातो.

तोवारचा प्रवास याच वाटेचा होता. त्याचा जन्म व्हेनेझुएलातील काराकासचा, १९४० चा. सिनसिनाटी संघाचा अधिकारी १९५९ मध्ये काराकासला आला तो तोवारसाठी नव्हे, त्याच्या एका मित्रासाठी. त्या मित्राने आपल्यासोबत यालाही घ्या असा आग्रह धरला, असे सांगतात. म्हणजे व्यावसायिक खेळात त्याचा प्रवेशच कोणाच्या तरी जोडीने झाला. पुढची सहा वर्षे तो सिनसिनाटीच्या दुय्यम संघांतून खेळत राहिला. मुख्य संघात दुसऱ्या बेसची जागा १९६३ मध्ये पीट रोझ नावाच्या तरुणाने घेतली, आणि ती पुढे बराच काळ रिकामी होण्याची चिन्हे नव्हती. १९६४ च्या डिसेंबरात सिनसिनाटीने एका पिचरच्या बदल्यात तोवारला मिनेसोटाला देऊन टाकले.

१२ एप्रिल १९६५ रोजी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, तो मेजर लीगचा पहिला सामना खेळला. समोर न्यूयॉर्क यँकीज. नवव्या डावात तिसऱ्या बेसजवळ उंच उडालेला एक साधा झेल त्याच्या हातून सुटला आणि हातातला सामना बरोबरीत आला. अकराव्या डावात त्याच्याच फटक्यावर ट्विन्सने तो जिंकला. एकाच दुपारी नुकसान आणि भरपाई. स्थिर जागेच्या खेळाडूला अशा चुकीसाठी क्षमा लवकर मिळते, कारण उद्या तो तेथेच उभा असणार हे ठरलेले असते. ज्याची जागा रोज नव्याने ठरते, त्याला चुकीची भरपाई त्याच दिवशी करावी लागते.

१९६७ मध्ये ट्विन्सने १६२ ऐवजी १६४ सामने खेळले, कारण दोन अनिर्णित राहिले होते. तोवार त्या प्रत्येक सामन्यात खेळला. हा आकडा मला त्याच्या सरासरीपेक्षा अधिक बोलका वाटतो. हुकमी जागा असलेला माणूस रोज खेळला तर त्यात नवल नाही. जागा नसलेला माणूस रोज खेळला, तर त्याचा अर्थ असा, की रोज कोणाची ना कोणाची तरी जागा रिकामी होती आणि ती त्याने भरली : कधी तिसरा बेस, कधी मधले मैदान, कधी दुसरा बेस. इतरांच्या अनुपस्थितीची बेरीज म्हणजे त्याची उपस्थिती.

हंगामाचे शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा ट्विन्स एका सामन्याने बॉस्टनच्या पुढे होते, आणि हे दोन्ही सामने बॉस्टनच्या फेनवे पार्कवर याच दोन संघांत व्हायचे होते. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर. बॉस्टनने दोन्ही जिंकले. यस्त्रेम्स्कीने त्या दोन दिवसांत आठ वेळा बॅट हाती घेतली आणि सात हिट मारले. याला काय उत्तर असणार? ज्याच्या मतावर आपण बोलतो आहोत तो वार्ताहर ट्विन्ससोबत हिंडणारा होता; पक्षपाताचा आरोप त्याच्यावर सहज झाला. तो आरोप बाजूला ठेवला, तर त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते की, त्याने वर्षभर जे जवळून पाहिले ते आकड्यांच्या तक्त्यात कोठेच उमटले नव्हते. न पडलेल्या भगदाडाची नोंद कोणी ठेवत नाही. घर गळले तर दिसते. वेळेवर कौल शाकारणाऱ्याचे काम पावसात कोरड्या राहिलेल्या जमिनीसारखे असते, त्यावरून सगळे चालतात.

स्थिर जागेचे तत्त्वज्ञान जुने आणि प्रतिष्ठित आहे. प्लेटोने आदर्श नगराची कल्पना मांडताना न्यायाची व्याख्याच अशी केली, की ज्याने त्याने आपले काम करावे आणि दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये. आपल्याकडे गीतेने स्वधर्माचा जो आग्रह धरला त्याचा अर्थ निरनिराळ्या भाष्यकारांनी निरनिराळा लावला असला, तरी लोकव्यवहारात त्यातून रुजला तो ठरलेल्या जागेचाच संस्कार. अनेक कामे करणाऱ्याबद्दल मराठी म्हण तर निर्दयच आहे : एक ना धड, भाराभर चिंध्या. या साऱ्यांमागे एक गृहीत आहे. ते असे की, माणसाची जागा आणि माणसाचा स्वभाव एकमेकांत ओवलेले असतात, आणि जागा सुटली की स्वभावही सुटतो.

तोवारसारख्याचे जीवन हे गृहीत तपासून पाहायला भाग पाडते. तो तिसऱ्या बेसवर असताना तिसऱ्या बेसचा होता आणि मधल्या मैदानात असताना मधल्या मैदानाचा. जागा बदलली तरी काहीएक तसेच राहत होते : चेंडूकडे लागलेले चित्त, पहिल्या पावलाची घाई, हरलेल्या सामन्यातही बेसवरून बेसकडे चोरट्या धावेने निसटण्याची खोड. त्याने कारकिर्दीत २२६ बेस असे चोरले. स्वधर्म हा जागेत नसून जागेवर उभे राहण्याच्या रीतीत असेल, तर ज्याला नऊ जागा आहेत त्यालाही स्वधर्म असू शकतो. किंबहुना त्याचा स्वधर्म अधिक कसोटीला लागतो. कारण त्याला जागेचा आधार नसतो, सवयीचा आधार नसतो, आणि आपण कोण या प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहिलेले नसते.

त्याच्या या गुणाचे एकदा जाहीर प्रदर्शनही झाले. २२ सप्टेंबर १९६८ रोजी ओकलंडविरुद्धच्या सामन्यात ट्विन्सने त्याला प्रत्येक डावात वेगळ्या जागेवर उभे केले. पहिल्या डावात तो पिचर होता. समोर आलेला पहिलाच फलंदाज बर्ट काम्पानेरिस, म्हणजे मेजर लीगच्या एका सामन्यात नऊही जागा खेळलेला तोवारच्या आधीचा एकमेव खेळाडू. त्याच डावात तोवारने रेजी जॅक्सनला बादही केले. पुढच्या डावात कॅचरचे चिलखत चढवले, आणि असे करीत नऊ डावांत नऊ जागा पुऱ्या केल्या. ट्विन्सने सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. काम्पानेरिसचा प्रयोग, ८ सप्टेंबर १९६५ चा, इतका सुखरूप पार पडला नव्हता. कॅचर म्हणून तो नवव्या डावात बसला असताना होम प्लेटकडे धावत आलेल्या खेळाडूशी त्याची टक्कर झाली आणि जायबंदी होऊन त्याला मैदान सोडावे लागले. दोन्ही खेळ प्रेक्षकांची गर्दी जमविण्यासाठी योजलेले होते. या गोष्टीतला विरोधाभास सहज लक्षात येतो. वर्षभर जे काम गरजेपोटी झाले आणि कोणाच्या डोळ्यांत भरले नाही, तेच काम गरज नसताना, गंमत म्हणून झाले तेव्हा इतिहासात नोंदले गेले.

त्याच्या नावावर आणखी एक चमत्कारिक नोंद आहे. संपूर्ण सामन्यात प्रतिपक्षाला एकही हिट न देणे, म्हणजे नो-हिटर, हे प्रत्येक पिचरचे स्वप्न असते. पाच वेळा असे घडले, की प्रतिपक्षाच्या पिचरने सगळ्या संघाला जखडून ठेवले आणि एकट्या तोवारने एक हिट मारून ते स्वप्न मोडले. १९६९ मध्ये बाल्टिमोरचे डेव्ह मॅकनॅली आणि माइक क्वेयार हे दोन डावखुरे पिचर नवव्या डावापर्यंत पोचले होते, आणि दोघांनाही तेथे तोवार भेटला. १९७० मध्ये डिक बॉसमनचे स्वप्न तर सामन्याच्या सुरुवातीलाच, अलगद टेकवलेल्या चेंडूवर तोवार धावून पोचला तेव्हा मोडले होते. ते मोडले आहे हे कळायला मात्र सामना संपावा लागला. १९७५ मध्ये कॅटफिश हंटरच्या वाट्याला हेच आले. या पाचांपैकी एकही फटका आतषबाजीचा म्हणून कोणाला आठवत नाही. पण पूर्णत्वाच्या वाटेवर कोणीतरी उभा असतो, त्याचे नाव मोठे नसते, आणि त्याने आपले साधे काम केले की समोरच्याच्या पूर्णत्वाला तडा जातो. यस्त्रेम्स्कीच्या एकमताच्या निवडीचे नेमके हेच झाले. तेथे तर तोवारला बॅटही हाती घ्यावी लागली नाही.

येथवर मी उपयोगाची बाजू मांडली. आता ती जेथे घसरते तेथे थांबले पाहिजे. कांटने १७८५ च्या आपल्या नीतिमीमांसेत किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला आहे. ज्याच्या बदल्यात त्याच तोलाचे दुसरे काही ठेवता येते, त्याला किंमत असते. ज्याच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. आणि माणूस दुसऱ्या वर्गात मोडतो, असे त्याचे म्हणणे. बदली खेळाडू या भेदाच्या नेमक्या उंबरठ्यावर उभा असतो. तो इतरांच्या बदल्यात ठेवला जातो, म्हणून त्याचे मोल. आणि तो ज्या सहजतेने इतरांच्या जागी बसतो, त्याच सहजतेने त्याच्या जागी दुसरा बसू शकतो, म्हणून त्याचे मोल कमी.

मराठीला हा शब्द फार जवळचा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत 'बदली' हे एका कामाचे नसून एका माणसाचे नाव होते. गैरहजर कामगाराच्या साच्यावर उभा राहण्यासाठी जो सकाळी गिरणीच्या दारात हजर राहतो, तो बदली. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी अशा कामगारांना कार्डे देण्याची योजनाही सुरू केली. त्याला साचा चालवता येतो हे ठाऊक असते, त्याच्यावाचून साचा बंद राहील हेही ठाऊक असते, आणि तरीही आज काम मिळेल की नाही हे त्याला दारात उभे राहिल्यावाचून कळत नाही. कारखान्याच्या दृष्टीने तो आवश्यक असतो. एक विशिष्ट माणूस म्हणून मात्र नव्हे. आवश्यक असणे आणि मोजला जाणे यांत किती अंतर असते, ते त्या दारात रोज सकाळी दिसे.

तोवारच्या काळातील बेसबॉलमध्ये तर हे अंतर करारातच लिहिलेले होते. एका संघाशी करार केलेला खेळाडू त्या संघाने विकेपर्यंत, देऊन टाकेपर्यंत किंवा सोडून देईपर्यंत त्याच संघाचा राही. मुदत संपली तरी दुसरीकडे जाण्याची मुभा त्याला नसे. १९६९ मध्ये सेंट लुइस संघाने कर्ट फ्लड या नामवंत खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही असे लेखी कळवून त्याने जाण्यास नकार दिला आणि न्यायालयाचे दार ठोठावले. १९७२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्विन्सने तीन खेळाडूंच्या बदल्यात तोवारला देऊन टाकले, आणि तेही फिलाडेल्फियालाच. तोवार गेला. आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, सबंध अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक, २०४, हिट त्याने मारले होते.

पुढचा प्रवास भरभर होतो. फिलाडेल्फियात तिसऱ्या बेसवर माइक श्मिट नावाचा तरुण चाचपडत होता, त्याला सावरण्यापुरते वर्षभर तोवारने ती जागा निम्मीशिम्मी सांभाळली. श्मिट पुढे त्या जागेवरचा अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून गणला गेला. नंतर टेक्सास, तेथून १९७५ च्या ऑगस्टमध्ये ओकलंड, आणि शेवटी १९७६ मध्ये थोडे दिवस न्यूयॉर्क यँकीज. १९७५ च्या डिसेंबरात लवादाने खेळाडूंना मोकळे होण्याची वाट करून दिली, ती ज्या दोघा पिचरांच्या तक्रारीवरून, त्यांपैकी एक तोच डेव्ह मॅकनॅली, ज्याचा नो-हिटर सहा वर्षांपूर्वी तोवारने मोडला होता. त्या वाटेने चालण्याइतके वय तोवारजवळ उरले नव्हते. तो पस्तिशीत होता. बारा हंगाम, १५४६ हिट, २७८ ची सरासरी, एवढा हिशेब मेजर लीगमध्ये मागे ठेवून तो बाहेर पडला.

म्हणूनच उपयोगाचे कौतुक सावधपणे करावयास हवे. 'हा कोठेही खेळतो, कधी कुरकुरत नाही', हे वाक्य ऐकायला प्रशस्तिपत्रासारखे वाटते. बोलणाऱ्याच्या मनात मात्र पुष्कळदा ती सोय असते. घरात, कार्यालयात, संस्थेत अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती सर्वांच्या कामाला येतात, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांना स्वतःचे असे काम कधी मिळत नाही. त्यांच्या गुणाचे बक्षीस म्हणून त्यांना आणखी एक रिकामी जागा दाखवली जाते. गरज सरली की वैद्य मरो, ही म्हण अशांच्याच वाट्याला येते. त्यागाचा गौरव करणारा समाज त्यागाची मागणी कोणाकडे करतो, हे पाहिल्यावाचून त्या गौरवावर विश्वास ठेवू नये.

परंतु तोवारला केवळ व्यवस्थेचा बळी ठरविणे हेही त्याच्यावर अन्याय करणारे होईल. तसे केले तर आपणही त्याला एक उदाहरण म्हणून वापरून मोकळे होऊ. त्याला खेळ हवा होता. अमेरिकेतला हंगाम संपला की हिवाळ्यात तो मायदेशी जाऊन तेथल्या लीगमध्ये खेळे, आणि हे त्याने वर्षानुवर्षे केले. शिवाय त्याच्या प्रवासात एक तपशील असा आहे, की तो बाजाराच्या हिशेबात नीट बसत नाही. १९६९ मध्ये ट्विन्सचा व्यवस्थापक होता बिली मार्टिन, स्वभावाने तापट आणि एका संघात फार काळ न टिकणारा. पुढे तोवार टेक्सासला आला तेव्हा तेथे मार्टिन होता; कारकिर्दीच्या शेवटी यँकीजमध्ये आला तेव्हा तेथेही मार्टिनच होता. निवडीमागचे हेतू आपण शोधू नयेत. पण ज्याने या खेळाडूला एकदा रोजच्या रोज पाहिले होते, त्याच्याच छायेत तो पुन्हा पुन्हा आला, इतके खरे. ज्याची बदली सहज मिळते असा माणूस दोनदा परत बोलावला जात नाही.

अलीकडे बेसबॉलच्या अभ्यासकांनी मूल्यमापनाचे एक नवे गणित रूढ केले आहे. सहज उपलब्ध होणारा एखादा बदली खेळाडू कल्पायचा, आणि त्याच्या तुलनेत अमुक खेळाडूने संघाला किती विजय अधिक मिळवून दिले ते मोजायचे. मोठे मार्मिक परिमाण आहे हे; माणसाची उंची मोजण्यासाठी येथे जमीन म्हणून दुसरा माणूस अंथरला जातो. या गणिताने १९६७ चा निकाल तपासला तर यस्त्रेम्स्की पुष्कळच वर राहतो आणि एकोणीस जण निःसंशय बरोबर ठरतात. ते मान्य केल्यावरही, या गणिताला ज्याचे अस्तित्व केवळ शून्य म्हणून हवे असते, त्या बदली खेळाडूचा चेहरा कोणी पाहिला आहे का, हे विचारावेसे वाटते.

बहुधा विसाव्या मतपत्रिकेवर तेच घडले होते. ते मत गुणवत्तेचा निवाडा म्हणून चुकले. पण ज्या माणसाकडे पाहण्याची कोणाला गरज नव्हती, त्याच्याकडे कोणीतरी वर्षभर पाहत होते, याची साक्ष म्हणून ते उरले. कांटच्या भाषेत बोलायचे तर किंमत ठरवायला सांगितलेल्या जागी त्या वार्ताहराच्या हातून प्रतिष्ठेची नोंद झाली. न्यायासाठी दोन्ही लागतात : श्रेष्ठाला श्रेष्ठ म्हणणारे एकोणीस, आणि जो सर्वांच्या जागा राखतो त्याला त्याच्या नावाने ओळखणारा एक. पहिल्यांची उणीव समाजाला सहसा भासत नाही.

तोवार १४ जुलै १९९४ रोजी काराकासमध्ये वारला. चोपन्न वर्षे पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. क्षेत्ररक्षणासाठी अमेरिकेत १९५७ पासून सोनेरी हातमोज्याचे पारितोषिक देतात, प्रत्येक जागेसाठी एक. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी ते नव्हते. २०२२ मध्ये प्रथमच दोन्ही लीगमध्ये युटिलिटी खेळाडूसाठी ते वेगळे ठेवण्यात आले. त्याच वर्षी मिनेसोटा ट्विन्सने आपल्या सन्माननीय खेळाडूंच्या यादीत सेसार तोवारचे नाव घातले. अशा यादीत नावापुढे खेळाडूची जागा लिहिण्याचा प्रघात असतो. त्याच्या नावापुढे कोणती लिहावी, हा प्रश्न ती यादी करणाऱ्यांनाही क्षणभर पडला असेल.